अर्धा शेकेल, जकात आणि पंधरा टक्के

या पाठात आपण एक जुना प्रश्न नव्या उदाहरणाने सोडवणार आहोत. श्रीमंतांनी जास्त कर द्यावा का? त्याने श्रीमंत-गरीब यांच्यातली दरी कमी होते का? उदाहरण आहे सौदी अरेबियाचे. मुलांनी पाठ मोठ्याने वाचावा, गणिते वहीत सोडवावीत. वडीलधाऱ्यांनी शेवटच्या प्रश्नांना आपल्या अनुभवाची जोड द्यावी.

सौदी अरेबियाच का? तो "बिनकराचा देश" म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध आहे. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली, आपल्या वाडवडिलांच्या गावांशेजारची कितीतरी मुसलमान कुटुंबे जेद्दा, दम्माम, जुबैलच्या कमाईवर उभी राहिली. "तिकडे पगारातून एक पैसा कापत नाहीत," हे वाक्य कोकणात घरोघरी ऐकू येते. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग आज पाहू.

१. शब्दांची ओळख

"कर" म्हणजे सरकारला द्यायचा पैसा. "कर" म्हणजे हातही. आणि पेणकर, रोहेकर या आपल्या आडनावांतला "कर" गाव सांगतो. तो "कर" मात्र कोणाला भरावा लागत नाही!

"जकात" हा शब्द अरबी. मुसलमानांत जकात म्हणजे शिलकी संपत्तीतून गरिबांसाठी दरवर्षी काढायचा ठरलेला वाटा, शेकडा अडीच. मराठीत मात्र जकात म्हणजे शहराच्या वेशीवर मालावर घ्यायचा पैसा. मुंबईचे जकातनाके 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर बंद झाले. म्हणजे एकच शब्द, पण एका अर्थी तो साठवलेल्या धनावर बसतो आणि दुसऱ्या अर्थी बाजाराच्या पिशवीवर. हा फरक ध्यानात ठेवा. सगळा पाठ त्याच्यावरच उभा आहे.

शेजाऱ्यांच्या "सदका" या शब्दाचे आणि आपल्या "त्सदाका" या शब्दाचे मूळ एकच. हिब्रूत त्या मुळाचा अर्थ न्याय. देणे ही दया नसून न्याय आहे, असे आपली भाषाच सांगते.

२. तोरातले दोन नियम

पहिला नियम निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात आहे. वीस वर्षे व त्यावरील प्रत्येक पुरुषाने शिरगणतीच्या वेळी अर्धा शेकेल द्यायचा. श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये.

दुसरा नियम लेवीयाच्या पाचव्या अध्यायात आहे. काही ठरावीक अपराधांसाठी अर्पण आणायचे ते ऐपतीप्रमाणे. ज्याला शक्य आहे त्याने मेंढी किंवा शेळी आणावी. तेवढी ऐपत नसेल तर दोन पारवे, आणि तेही जमत नसेल तर थोडे पीठ. शेताच्या कोपऱ्यातले पीक गरिबासाठी सोडायचे, तेही याच विचाराने. ज्याला शेत आहे त्यानेच सोडायचे. ज्याला शेत नाही त्याच्याकडून काय मागणार?

हे दोन नियम एकमेकांविरुद्ध आहेत का? नाहीत. अर्धा शेकेल ही मोजणी आहे. देवापुढे प्रत्येक माणूस एक, सावकार दोन नव्हे आणि मोलकरी अर्धा नव्हे. म्हणूनच ती रक्कम लहान आणि सर्वांना सारखी. पण जिथे ओझे उचलायचे असते, तिथे खांद्याचे बळ पाहिले जाते.

तालमूदमध्ये, बाबा बात्रा या ग्रंथात, विद्वानांनी हाच प्रश्न गावाच्या तटबंदीसाठी विचारला आहे. तट बांधायचा तर वर्गणी माणशी घ्यायची की मालमत्तेप्रमाणे? उत्तर आहे मालमत्तेप्रमाणे. कारण उघड आहे. चोर-दरोडेखोर आले तर ज्याची कोठारे भरलेली, त्याचेच जास्त जाणार.

३. बिनकराच्या देशातला कर

आता सौदी अरेबियाकडे वळू. तिथे 1950 साली आयकराचा हुकूम निघाला होता. पुढे तेलाचा पैसा वाढला आणि 1975 मध्ये परदेशी नोकरदारांच्या पगारावरचा कर माफ झाला. जानेवारी 1988 मध्ये तो पुन्हा लावण्याची घोषणा झाली. परदेशी तंत्रज्ञ व डॉक्टर सोडून जातील अशी भीती निर्माण झाली आणि काही दिवसांतच घोषणा मागे घेतली गेली. आजही तिथे पगारावर आयकर नाही. सौदी मालकांच्या धंद्यावर शेकडा अडीच जकात आहे, तर धंद्यातल्या परदेशी भागीदाराच्या नफ्याच्या वाट्यावर साधारणपणे शेकडा वीस आयकर आहे.

मग सरकारने नवा पैसा कुठून आणला? 2014 नंतर तेलाचे भाव पडले, तेव्हा दोन मोठ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट बाजाराची. 1 जानेवारी 2018 पासून मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, शेकडा 5 सुरू झाला. कोरोनाच्या साथीत, 1 जुलै 2020 पासून, तो एकदम शेकडा 15 झाला. पीठ, भाजी, साबण, फोनचे बिल, सगळ्यांवर. इस्राएलमधल्या वाचकांनी तुलना करावी. तिथे हा कर 2025 पासून शेकडा 18 आहे, पण ताजी फळे-भाजी त्यातून मोकळी आहे.

दुसरी वाट डोक्यांची. जुलै 2017 पासून परदेशी नोकरदाराबरोबर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना 100 रियाल शुल्क लागले. दरवर्षी शंभराने वाढत 2020 मध्ये ते 400 झाले. पगार कितीही असो, शुल्क एकच. 2022 च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे 3 कोटी 22 लाख होती आणि त्यांतले 1 कोटी 34 लाख लोक परदेशी होते. म्हणजे हा मूठभरांचा प्रश्न नाही.

४. शेकडेवारीचे गणित

पाटी-पेन्सिल घ्या. माणसे कल्पित आहेत, दर खरे आहेत.

गणित पहिले. इस्पितळातल्या एका तंत्रज्ञाचा पगार महिना 5,000 रियाल. बरोबर बायको व दोन मुले. शुल्क 3 गुणिले 400, म्हणजे 1,200 रियाल. पगाराच्या शेकडा 24. त्याच इस्पितळातल्या व्यवस्थापकाचा पगार 40,000. त्याचेही कुटुंब तेवढेच, म्हणून शुल्कही 1,200. पगाराच्या शेकडा 3.

गणित दुसरे. एका कामगाराचा पगार 4,000. व्हॅट लागणाऱ्या 2,000 रियालांच्या वस्तू तो घेतो. कर 300, म्हणजे पगाराच्या शेकडा साडेसात. एका धनिकाची प्राप्ती 60,000. तो 12,000 च्या वस्तू घेतो. कर 1,800, म्हणजे प्राप्तीच्या शेकडा 3.

इथे नीट पाहा. रकमेत धनिकाने सहापट जास्त दिले. तो म्हणेल, "मीच तर जास्त भरतो!" खोटे नाही. पण प्राप्तीच्या मानाने कामगाराने अडीचपट दिले. गरिबाचा पगार बहुतेक खर्चातच संपतो. श्रीमंताचा शिल्लक राहतो, आणि बाजारातला कर शिलकीला शिवत नाही. ज्या कराचा दर प्राप्तीबरोबर वाढतो त्याला चढता कर म्हणावे, आणि जो गरिबाला जड व श्रीमंताला हलका पडतो त्याला उतरता कर म्हणावे. सौदी अरेबियात पगाराच्या चिठ्ठीवर कर नाही हे खरे, पण दुकानात आणि दाराशी उतरता कर आहे.

याचा परिणाम नुसत्या आकड्यांत राहिला नाही. 2017 नंतर अनेक भारतीय नोकरदारांनी बायकामुलांना मायदेशी पाठवले व स्वतः एकटे मागे राहिले. शुल्क भरता येत नाही म्हणून बाप आणि मुले दोन देशांत. पगारावरचा चढता कर कोणाचे घर असे दुभंगत नाही, कारण ज्याची कमाई थोडी त्याच्याकडून तो थोडेच मागतो.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. डिसेंबर 2017 पासून कमी व मध्यम उत्पन्नाच्या सौदी कुटुंबांना दरमहा मदत देण्यासाठी "नागरिक खाते" योजना सुरू झाली. पण नावातच सांगितल्याप्रमाणे ती प्रामुख्याने नागरिकांची. परका तिच्यात बसत नाही. तोरात तिसऱ्या वर्षाच्या दशांशाचे वाटेकरी सांगितले आहेत, त्यांत अनाथ व विधवा यांच्याबरोबर परकाही आहे. आपण स्वतः मिसर देशात परके होतो, म्हणून हे विसरू नये.

५. दुसरी बाजू

शिक्षकाने एकच बाजू शिकवू नये. श्रीमंतांवर जास्त कर नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे.

एक, कर फार वाढला की पैसा लपतो किंवा पळतो. भारतात 1973-74 साली आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह शेकडा 97.75 होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती उरणार असतील तर माणूस काम कमी करील किंवा हिशेब चोरील. पुढे तो दर उतरवावाच लागला. भारताचा वारसा कर 1985 मध्ये आणि संपत्ती कर 2015 मध्ये रद्द झाला.

दोन, कर घेणारा शहाणा नसेल तर पैसा वाया जातो. रहबामाची गोष्ट आठवा. लोक म्हणाले, तुझ्या बापाने लादलेले जू हलके कर. त्याने म्हाताऱ्यांचा सल्ला टाकला, जू आणखी जड करीन म्हणाला, आणि राज्य दुभंगले.

दोन्ही मुद्दे खरे आहेत. आपल्या विद्वानांनीही दानाला वरची मर्यादा घातली होती. पाचव्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर देणाराच उद्या मागणारा होईल. दान आणि कर एक नव्हेत, पण शहाणपण एकच. मात्र यातून "श्रीमंतांनी जास्त देऊ नये" असे निघत नाही. "दर असा ठेवा की तो खरोखर वसूल होईल, आणि हिशेब दाखवा," एवढेच निघते.

शिवाय सगळे धन पळून जात नाही. जमीन कुठे पळणार? सौदी अरेबियानेच हे दाखवले. शहरात घरे मिळेनात आणि मोठमोठे भूखंड मात्र भाव वाढण्याची वाट पाहत मोकळे पडलेले. म्हणून 2016 पासून शहरांतल्या मोकळ्या जमिनीवर वर्षाला शेकडा अडीच शुल्क लावायला सुरुवात झाली, आणि 2025 मध्ये ते शेकडा 10 पर्यंत नेण्याची तरतूद केली. ज्या देशात पगारावर कर नाही, त्या देशालाही साठवलेल्या धनापर्यंत जावे लागले.

६. आपल्या घरचे उदाहरण

महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला रुपया दुष्काळी गावात रस्त्याची खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला जाऊ लागला, आणि सरकारही त्यात आपली भर घालू लागले. दरी कमी करण्यासाठी कर कसा वापरावा याचा हा चांगला धडा. पुढे 2005 मध्ये सगळ्या देशासाठी तसाच कायदा झाला.

पण त्या करात एक उणीव राहिली. राज्यघटनेप्रमाणे व्यवसाय कर एका माणसाला वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त लावता येत नाही. महिना 30,000 मिळवणारी कारकून बाई आणि महिना 30 लाख मिळवणारा संचालक, दोघांचे 2,500. हेतू मेंढी-पारव्यांचा, पण मोजमाप अर्ध्या शेकेलचे!

७. सार

श्रीमंतांनी जास्त द्यावे, नुसते रकमेत नव्हे तर प्रमाणातही. रस्ता, शाळा, इस्पितळ, पोलीस ही आपली तटबंदी आहे, आणि तटाचा फायदा भरल्या कोठाराला जास्त. दर मात्र वसूल होण्याजोगा असावा आणि खर्चाचा हिशेब उघडा असावा. "कर नाही" असे कोणी म्हटले तर विचारावे: कुठे नाही? पगारावर नाही, की पिठावरही नाही?

अर्धा शेकेल मान देण्यासाठी आहे. ओझे वाटण्यासाठी तो वापरू नये.

प्रश्न

१. एका तंत्रज्ञाचा पगार 6,000 रियाल व त्याच्यामागे चार कुटुंबीय आहेत. 2020 च्या दराने शुल्क पगाराच्या शेकडा किती?

२. "जकात" या शब्दाचे दोन अर्थ सांगा. त्यांतला चढत्या कराजवळचा कोणता व का?

३. तोरातले दोन नियम स्वतःच्या शब्दांत लिहा.

४. वडीलधाऱ्यांसाठी: पूर्वी आपल्या सिनेगॉगची वर्गणी मुकादम व चौगुले कशी ठरवत? सर्वांना सारखी की ऐपतीप्रमाणे? आठवेल ते मुलांना सांगा.

५. सर्वांनी मिळून: सिनेगॉगचे छप्पर दुरुस्त करायचे आहे. एकट्या राहणाऱ्या विधवेकडून किती घ्यावे व दुकानदाराकडून किती? नियम लिहून काढा. मग तपासून पाहा: ती विधवा आपला वाटा ताठ मानेने देऊ शकेल का?