थरांचे गोडधोड : साय, चक्का आणि आपल्या भागातील फळे

आपल्याकडे गोड पदार्थ म्हटला की चूल आलीच. पुरण शिजवायचे, रवा भाजायचा, पाक करायचा, दूध आटवायचे. सणाच्या पानात याला एक ठळक अपवाद आहे, तो श्रीखंडाचा. दही बांधून ठेवावे, चक्क्यात साखर मिसळून तो पुरणयंत्रातून काढावा, की काम झाले. आगीचा संबंध काय तो दूध तापवण्यापुरता.

प्रस्तुत लेखात याच वाटेने जाणाऱ्या आणखी एका पदार्थाचा विचार करावयाचा आहे. फळे, साय आणि बिस्किटे यांचे थर एकावर एक रचून ते थंड करावयाचे, असा हा पदार्थ. नाताळच्या सुटीपासून गुढीपाडव्यापर्यंत आपल्या भागातील अनेक घरांतून तो हौसेने केला जातो. भट्टी लागत नाही म्हणून तो सोपा समजला जातो, पण पुष्कळदा फसतो. थर एकमेकांत मिसळतात, तळाला पाणी सुटते आणि चमच्याने वाढताना त्याचे सरबत होते. असे का होते आणि सातारा-सांगलीकडच्या माणसाने हा पदार्थ कसा करावा, हे दोन प्रश्न येथे घेतले आहेत.

पदार्थाचे कूळ

इंग्रजांकडे या पदार्थाला 'ट्रायफल' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'क्षुल्लक वस्तू' असा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी पाकपुस्तकात हे नाव आढळते. त्या वेळी त्यात केक नव्हता, फळे नव्हती. साय, साखर, आले आणि गुलाबपाणी एवढाच तो पदार्थ होता. थर पुढे आले.

आता आपल्याकडे पाहू. 'शिखरिणी' म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला सतरा अक्षरांचे वृत्त आठवते. पण पाकशास्त्रात शिखरिणी म्हणजे दही गाळून, साखर व सुगंधी द्रव्ये घालून केलेला पदार्थ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात तिचा उल्लेख येतो. आपल्या श्रीखंडाची ती पूर्वज होय. दोन्हीकडचे मूळ पाहिले तर कल्पना एकच दिसते : दुधाचा दाट, स्निग्ध भाग घ्यावा, त्याला गोडी आणि सुगंध द्यावा आणि थंडच खावा. तेव्हा हा पदार्थ साहेबी म्हणून त्याला बिचकण्याचे कारण नाही, आणि साहेबी म्हणून त्याचा तोरा मिरवण्याचेही नाही.

साहित्याचा भूगोल

स्ट्रॉबेरी हे फळ मूळचे आपले नाही. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये, उत्तर अमेरिकेतील एक जात आणि चिलीमधील एक जात यांच्या संकरातून निपजली. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने वसू लागले आणि इंग्रजी अमदानीतच हे फळ तेथील डोंगरमाथ्यावर रुजले. तांबडी, निचऱ्याची जमीन आणि हिवाळ्यातील थंड रात्री त्याला मानवल्या. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१७ पासून ज्या भिलारला आपण पुस्तकांचे गाव म्हणून ओळखतो, ते गावही स्ट्रॉबेरीचेच. हंगामात महाबळेश्वर-पाचगणीला उंच पेल्यातून स्ट्रॉबेरी आणि क्रीम यांचे थर विकले जातात. आपल्या भागातील या पदार्थाचे सर्वांत परिचित रूप तेच.

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीकडे येते. तिच्याच काठी भिलवडी आहे. १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी तेथे दुधाचा व्यवसाय सुरू केला आणि दुधाचे गाव म्हणून भिलवडीचे नाव झाले. जवळच तासगाव, द्राक्षे आणि बेदाण्यांचे माहेर. 'तास-ए-गणेश' या द्राक्षाच्या जातीने तर आपल्या नावातच तासगाव जपले आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जानेवारी ते मार्च या काळात डोंगरावरची स्ट्रॉबेरी आणि खालची द्राक्षे दोन्ही ऐन भरात असतात. एका नदीच्या खोऱ्यात फळ, दूध आणि बेदाणा असे सारे साहित्य एकाच वेळी मिळावे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

साय उभी का राहत नाही?

पाश्चात्त्य पाककृतीत 'क्रीम घट्ट होईपर्यंत फेटा' असे सांगितलेले असते. आपण दुकानातून क्रीमचे पाकीट आणतो, तासभर फेटतो, हात भरून येतो, पण क्रीम पातळ ते पातळच! दोष हाताचा नसतो. क्रीम फेटताना त्यातील स्निग्ध कण अर्धवट एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. हे जाळे विणले जाण्यास क्रीममध्ये निदान ३० टक्के, आणि चांगले हवे तर ३५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. शिवाय ते अगदी गार असावे लागते. आपल्याकडच्या नेहमीच्या 'फ्रेश क्रीम'मध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्केच असतो. ते ओतण्यासाठी असते, उभे राहण्यासाठी नसते.

घरची साय घेतली तर उलटी अडचण येते. तीत स्निग्धांश भरपूर असतो, पण दूध तापवल्यामुळे प्रथिनांच्या गुठळ्याही असतात. ती फेटू लागले की फेस होण्याआधीच लोणी निघते. ताक घुसळणाऱ्या घरात हे कुणाला सांगायला नको.

यावर उपाय म्हणून अलीकडे फेटून फुलणारे तयार 'टॉपिंग' आणले जाते. ते छान फुलते, टिकतेही. पण पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली तर पुष्कळदा त्यात साय नसतेच, वनस्पती तेलाची चरबी असते. ज्या जिल्ह्यांत पहाटे गावोगाव दुधाच्या किटल्या डेअरीच्या दारात उभ्या राहतात, तेथे सणाच्या पानात तेलाचा फेस का वाढावा? दुसरा उपाय जिलेटिनचा, पण ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होत असल्याने कित्येक घरांत चालत नाही.

खरा उपाय आपल्याच घरात खुंटीला टांगलेला असतो, तो म्हणजे चक्का. दह्यातील पाणी निथळून गेल्यावर उरलेला चक्का न फेटताही उभा राहतो. त्यात थोडे क्रीम मिसळले की आंबटपणा मवाळ होतो आणि पोत मऊ येतो. आधार चक्क्याचा आणि मार्दव सायीचे, अशी ही वाटणी आहे.

कृती

मूळच्या सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या कमलाबाई ओगले यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापे वापरली आणि नवशिक्यांची मोठी सोय केली. येथेही तीच रीत ठेवली आहे.

आठ माणसांसाठी साहित्य : म्हशीच्या दुधाचे दाट दही दीड किलो (याचा चक्का सुमारे तीन वाट्या होतो), क्रीम पाऊण वाटी, पिठीसाखर सव्वा वाटी, स्ट्रॉबेरी अर्धा किलो, बिनबियांची द्राक्षे पाव किलो, साधी ग्लुकोज किंवा मारी बिस्किटे २० ते २४, बेदाणे दोन चमचे, वेलदोड्याची पूड आणि साखर दोन मोठे चमचे.

१. दही स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगावे. हिवाळ्यात बाहेर चालते. उन्हाळा लागल्यावर मात्र चाळणीत ठेवून फ्रीजमध्ये निथळावे, नाहीतर आंबट होते.

२. स्ट्रॉबेरी देठासकट धुवाव्यात, पुसून कोरड्या कराव्यात आणि मगच देठ काढावेत. आधी देठ काढले तर फळ पाणी पिते. चार-पाच फळे वरून लावण्यास बाजूला ठेवावीत. उरलेल्यांच्या चकत्या करून त्यांवर दोन चमचे साखर पेरावी व अर्धा तास ठेवाव्यात. साखर फळातील पाणी ओढून घेते. हेच पाणी एरवी भांड्याच्या तळाला सुटते आणि पदार्थ बिघडवते. ते आधीच काढून, गाळून वेगळे ठेवावे.

३. चक्का पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढावा. त्यात गार क्रीम आणि वेलदोड्याची पूड हलक्या हाताने मिसळावी. फार घोटू नये, सैल होते.

४. काचेच्या भांड्यात तळाशी बिस्किटे लावावीत. स्ट्रॉबेरीच्या सुटलेल्या रसाने ती ओलसर करावीत, भिजवून लगदा करू नये. रस कमी पडल्यास थोडा संत्र्याचा रस घ्यावा.

५. बिस्किटांवर चक्क्याचा थर, त्यावर चकत्या आणि अर्धी चिरलेली द्राक्षे. पुन्हा बिस्किटे, चक्का, फळे. शेवटचा थर चक्क्याचा असावा.

६. झाकून निदान चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. वाढण्याच्या वेळी बाजूला ठेवलेली फळे आणि बेदाणे लावावेत. एका दिवसात संपवावे.

वसतिगृहात फ्रीज नसेल तर चक्का हिवाळी रात्री बांधावा आणि थर ऐन जेवणाच्या वेळी लहान पेल्यांतून रचावेत. मग मात्र उरवू नये.

फळांविषयी चार नियम

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे तोडल्यावर पिकत नाहीत. आंबा, केळे, चिकू घरी पिकतात, ही दोन नाहीत. म्हणून देठापर्यंत लाल झालेलीच स्ट्रॉबेरी घ्यावी.

कच्चा अननस, पपई आणि किवी या पदार्थात घालू नयेत. त्यांतील पाचक द्रव्ये दुधाची प्रथिने तोडतात आणि चक्का कडवट होतो. मटण मऊ करण्यास कच्ची पपई लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. अननस हवाच असेल तर साखरेच्या पाकात शिजवून, निथळून घ्यावा.

केळे काळे पडते, म्हणून ते वाढतानाच घालावे.

बारीक आणि वेडीवाकडी स्ट्रॉबेरी स्वस्त मिळते, तीच घ्यावी. चकत्या केल्यावर आकार कोण पाहतो? हे फळ दोन-तीन दिवसांत खराब होते. शेतकऱ्याला मोठ्या, सुबक फळाचा भाव मिळतो, बारीक फळ मात्र मागे राहते. आपल्यासारखी गिऱ्हाइके ते घेऊ लागली तर दोघांचाही फायदा आहे.

समारोप

गृहशास्त्र हा केवळ पाककृती पाठ करण्याचा विषय नाही. एखादी कृती दुसऱ्या देशातून आली की तिच्यातील प्रत्येक जिन्नस तेथे कोणते काम करतो हे विचारावे, आणि ते काम आपल्याकडे कोण करू शकेल हे शोधावे. येथे क्रीमचे काम होते थर तोलून धरण्याचे. आपल्या क्रीमला ते जमत नाही, चक्क्याला जमते. एवढे लक्षात आले की पाककृतीचे पुस्तक मिटूनही हा पदार्थ करता येईल. उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीच्या जागी हापूसच्या फोडी येतील, थंडीत संत्र्याच्या सोललेल्या पाकळ्या येतील. चक्का मात्र आहे तेथेच राहील. येत्या पाडव्याला श्रीखंडासाठी दही बांधाल तेव्हा दीड किलो अधिक बांधा आणि करून पाहा.