डबा वाजता कामा नये

हे बघ पोरी, जुळे सोलापुरात नवीन बिऱ्हाड मांडलंस, म्हणजे यंदा भोंडल्याची खिरापत एक दिवस तुझ्याकडं येणारच. ‘आजी, बजेट फार नाही, पण शेजारणी चकित झाल्या पाहिजेत’ म्हणतेस. अगं, खिरापतीत पैशाचं काय काम? महागाची वस्तू पोरी पहिल्या झटक्यात ओळखतात. काजूकतली आणलीस तर झाकण उघडायच्या आधीच खेळ खलास. खिरापत आधी ओळखायला असते, खायला नंतर.

आमच्या वेळी हस्त नक्षत्र लागलं, साधारण सप्टेंबरच्या २६-२७ ला, की सोळा दिवस हादगा, म्हणजे हाच भोंडला. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत सोळाव्या दिवशी सोळा. एवढी पक्वान्नं कुणाच्या घरात होणार होती? डाळं-गूळ एक, काकडीच्या फोडी एक, भिजवलेली हरभऱ्याची डाळ एक, ज्वारीच्या लाह्या एक. चिमूट-चिमूट हातावर पडायचं, पण नाव ओळखेपर्यंत कुणी हलायचं नाही. आता नवरात्रात एखाद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पाटावर हत्ती काढतात आणि फेर धरतात. एकच दिवस असतो, म्हणून डबा मोठा लागतो. रीत तीच.

आता कानमंत्र. पोरी डबा हातात घेऊन कानाशी हलवतात. लाडू गडगडतात, वड्या टकटक करतात, चिवडा सळसळतो. म्हणून लाडू करायचे तर डब्यात आपला सोलापुरी टॉवेल घाल, त्याच्या घडीत लाडू घट्ट बसव, वरही पदर ओढ. मग कितीही हलवू देत. आणि फसवायचंच असेल तर एका छोट्या डबीत चार शेंगदाणे टाकून ती वर ठेव. खळखळ आवाज आला की सगळ्या चिवडा, फुटाणे, चणे करत बसतात. दुसरा चोर म्हणजे वास. वेलदोडा घातलास की ‘गोड!’ म्हणून मोकळ्या. लाडवात थोडी सुंठ घाल, वेलदोडा नको. फोडणीचं काही असेल तर पोरं शाळेत गेल्यावर कर. एका जिन्यावर आठ दारं असतात, मोहरी तडतडली की साऱ्यांना कळतं.

‘गोड की तिखट?’ विचारलं तर खरं सांगायचं. ‘तळलेलं की भाजलेलं?’ यालाही खरंच. खोटं बोलून जिंकण्यात मजा नाही. वस्तूच अशी निवडायची की खरं सांगूनही कळू नये.

शेंगाचे लाडू स्वस्त आणि बिनतुपाचे. अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो गूळ. दाणे मंद आचेवर भाज, हातावर चोळून फोलपटं पाखड. फोलपट राहिलं तर लाडू कडवट लागतो. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला थांबून-थांबून फिरव, सलग फिरवलंस तर लोणी होईल. मग किसलेला गूळ घालून पुन्हा दोन झटके. दाण्याला तेल सुटतं, त्यावरच लाडू वळतो. वळत नसेल तर दुधाचा हात लावू नकोस, टिकत नाही. आणखी एक झटका दे. लिंबाएवढे पंचवीसेक लाडू होतात. नवरात्राचा उपास असलेल्यांनाही चालतात, उपासाला सुंठ चालत नसेल त्यांचे बिनसुंठीचे वळ.

पण माझं ऐकशील तर लाडू करूच नकोस. कडक भाकरी कर! खिरापत म्हटली की पोरींच्या डोक्यात गोडाचीच यादी, फार तर चिवडा आणि वडी. जेवणातली भाकरी कुणाच्या ध्यानीमनी नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आपल्याच पोरांना ती खिरापतीत ओळखू येत नाही, याची मला गंमत वाटते. भाकरी पातळ थाप, नेहमीसारखी भाज, मग मंद आचेवर कापडानं दाबत वाळेपर्यंत कडक कर. मोडली की कट् असा आवाज आला पाहिजे. चार-पाच भाकऱ्यांचा हातानं जाडसर चुरा कर, पीठ होऊ देऊ नकोस. सोबत शेंगाचटणी आणि थोडं कच्चं तेल. चटणी उखळात कूट, तेल सुटून हाताला लागेल इतकी. हे सगळं वेगवेगळ्या डब्यांत ने आणि ओळखून झाल्यावर समोरच कालव. आधी कालवलंस तर भाकरी मऊ पडून चोथा. कांदा-लसूण नवरात्रात पुष्कळ घरांत चालत नाही, म्हणून चटणी बिनलसणाची कर आणि कांदा बाजूच्या वाटीत ठेव.

एक मात्र आधी विचारून घे. कुणाच्या पोराला शेंगदाणा चालत नसेल तर? आपल्याकडं भाजीत शेंगा, चटणीत शेंगा, पोळीतही शेंगा, त्यामुळं आपल्या हे लक्षातच येत नाही. त्या पोरासाठी डाळं-गूळ वेगळ्या डबीत.

दाणे पाकिटातले घेऊ नकोस. गावात मधल्या मारुतीकडं जाशील तेव्हा सुटे घे आणि दोन दाणे तोंडात टाकून बघ, खवट एक जरी निघाला तरी दुसरं दुकान. आणि दिवस ठरवताना नळाचं पाणी कधी येणार ते बघ. रोज येत नाही, आलं की सगळ्या बायका भरण्यात गुंततात. त्या दिवशी ना तुला कुटायला वेळ, ना त्यांना फेर धरायला.

पोरं आता शाळेत ३१ ऑक्टोबरला भुतांचे कपडे घालून हॅलोविनही करतात म्हणे. अमेरिकेत त्या दिवशी पोरं दारोदार खाऊ मागतात, पण अनोळखी घरचा हातचा खाऊ आईबाप खाऊ देत नाहीत, बंद पाकीटच लागतं. आपल्या जिन्यावर अजून हातचं चालतं. तेवढं चालू आहे तोवर करून घे.

समोरच्या पद्मशाली बाई तेलुगू बोलतात, त्यांना ‘तुम्हाला हे कळणार नाही’ म्हणून वगळू नकोस. त्यांचाही याच दिवसांत बतुकम्मा असतो. भाद्रपद अमावस्येपासून अष्टमीपर्यंत फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. त्यांच्याकडून चिंचेचा भात आला तर डबा रिकामा परत करू नकोस, निदान गुळाचा खडा तरी घाल. तुझ्या डब्यांच्या बुडाला मात्र नाव कोरून घे, भांड्याच्या दुकानात करून देतात. सणात डबे फिरतात आणि परत येताना दुसऱ्याचंच झाकण येतं.

वरच्या मजल्यावर ते म्हातारं जोडपं आहे ना, ज्यांची मुलं पुण्याला असतात, त्यांना जिने उतरवत नाहीत. वाटी त्यांच्याकडं वर पाठव, पण नाव न सांगता झाकून. आजोबांना तीन संधी द्यायच्या. तिन्ही चुकले तर उद्याची वाटी जास्त.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. तुझ्या घरातल्या कुणालाही सांगू नकोस, नवऱ्याला तर मुळीच नाही. बोलत नाही बोलत नाही म्हणतो आणि जिन्यात सगळं ओकतो. त्याच्या आजोबांचंही तसंच होतं.