आधी अंदाज, मग नाणं

संख्याशास्त्राची सुरुवात शिकवताना जे पटत गेलं, ते नव्याने वर्गावर जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

1. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा. वर्गातल्या 60 जणांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असेल? बरेच जण 'नाही' लिहितात. मग एकेकाने तारीख सांगायची. अशी जोडी सापडण्याची संभाव्यता 99 टक्क्यांहून अधिक आहे. 23 जणांतच ती निम्म्याच्या पुढे जाते. तोंडी अंदाज मागू नका, सगळे पहिल्या बाकाकडे बघून बोलतात.

2. निम्म्या वर्गाने नाणं खरंच 200 वेळा उडवायचं, उरलेल्यांनी मनानेच छापा-काटा लिहायचं. कागद नुसते चाळले तरी खरे-खोटे बहुधा ओळखू येतात. मनाने लिहिणारे सलग सहा छापे लिहायला धजत नाहीत. खऱ्या 200 फेकींत मात्र सहा किंवा अधिक सारखे निकाल सलग येण्याची संभाव्यता 95 टक्क्यांच्या वर असते.

3. 'इतके छापे आले, आता काटा यायलाच हवा' हा समज सर्वांत चिवट. इथे मी जॉन केरिच यांचे आकडे फळ्यावर लिहिते. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना या गणितज्ञाने नाणं 10,000 वेळा उडवलं. 100 फेकींत छापे 44, 1,000 मध्ये 502, 10,000 मध्ये 5,067. म्हणजे निम्म्यापासूनचा फरक आधी 6, मग 2, मग चक्क 67! तरीही गुणोत्तर 0.44 वरून 0.5067 वर आलं. नाणं मागची भरपाई करत नाही. मागचा फरक नव्या फेकींच्या ढिगात नगण्य होतो. हे भागाकार मुलांनीच करावेत. मी केले तर ती फक्त उतरवून घेतात.

4. कवड्या आणा. उताणी की पालथी, इथे निम्मं-निम्मं गृहीत धरता येत नाही. टाकून मोजावंच लागतं.

5. डब्यातल्या हरभऱ्यांपैकी 60 काढून तितकेच काबुली घाला, हलवा, मूठभर काढा. मुठीत 80 दाणे आणि त्यांत 8 काबुली असतील, तर एकूण सुमारे 600. तळ्यातल्या माशांचा अंदाजही याच रीतीने काढतात. गटागटाची उत्तरं वेगळी येतात आणि मुलं ती खोडून शेजाऱ्याशी जुळवू पाहतात. खोडू देऊ नका. सगळी उत्तरं फळ्यावर बिंदूंनी मांडा, डबा मात्र अगदी शेवटी मोजा.