मोठी परिषद, छोटी कार्यशाळा आणि आपल्या उसाचा प्रश्न



"एवढ्या मोठमोठ्या परिषदा भरतात, शास्त्रज्ञ येतात, भाषणं होतात, जेवणावळी उठतात, पण त्यातलं आमच्या सरीत काय येतं?" हा प्रश्न आम्हांला गटांच्या बैठकांत नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परिषदेला कुणाला पाठवायचे म्हटले की खर्च कारखान्याचा, म्हणजे शेवटी सभासदांचाच. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आपणांस आहे. म्हणून मोठ्या परिषदेला जोडून तज्ज्ञांच्या छोट्या कार्यशाळा का भरवतात, त्या कशा भरवाव्यात आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार या पाठात करू.

परिषद आणि कार्यशाळा यांतला फरक

तालुक्याच्या बाजारात सगळा माल एका ठिकाणी बघायला मिळतो. भाव कळतो, ओळखीपाळखी होतात. पण चारीच्या पाण्याची पाळी काही बाजारात ठरत नाही. तिच्यासाठी त्या चारीवरचेच दहा-पंधरा शेतकरी एकत्र बसावे लागतात आणि ज्याचे रान शेपटाला आहे, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. परिषद हा बाजार आहे आणि कार्यशाळा ही चारीवरची बैठक आहे.

परिषदेत एकेका वक्त्याला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. निबंध वाचून होतो, दोन प्रश्न येतात, घंटा वाजते. जगात काय चालले आहे हे कळायला ते पुरेसे आहे. पण अडलेला प्रश्न त्यात सुटत नाही. कार्यशाळेत एकाच विषयात हात घातलेली वीस-चाळीस माणसे बसतात. तिथे "आमचा प्रयोग यशस्वी झाला" एवढ्यावर भागत नाही. कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर, आणि दुसरीकडे तो का फसला, हे सांगावे लागते. फसलेल्या प्रयोगाची माहिती छापील निबंधात फार कमी सापडते. ती अशा बैठकीतच बाहेर पडते.

मग ही कार्यशाळा वेगळी न भरवता परिषदेला जोडून का घ्यायची? कारण साधे आहे. माणसे तिथे आलेलीच असतात. गाडीभाडे, विमानभाडे एकदाच लागते. सभागृह, जेवणखाण, मुक्काम यांची सोय झालेलीच असते. एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर थांबले की थोड्या जादा खर्चात काम होते.

सॅन दिएगोचे उदाहरण

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरी १९९० च्या दशकापासून जानेवारीच्या सुमारास वनस्पती आणि प्राणी यांच्या जनुकांवरची मोठी परिषद भरत आली आहे. तिथे मका, भात, गहू, गाई-म्हशी, कोंबड्या, सगळ्यांवर काम करणारी हजारो माणसे जमतात. या गर्दीत उसाला कोण विचारणार? म्हणून मुख्य व्याख्यानांच्या अवतीभवती पिकावार आणि विषयावार छोट्या कार्यशाळा ठेवतात. एकेक कार्यशाळा सुमारे दोन तासांची. वक्ते त्याच विषयातले संयोजक निवडतात. त्यांत उसाचीही कार्यशाळा असते. तिची जबाबदारी उसाच्या जैवतंत्रज्ञानासाठी स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने घेतली. निरनिराळ्या देशांतील ऊस-साखर संस्थांनी वर्गणी काढून सामाईक संशोधन करायचे, असे या मंडळाचे स्वरूप आहे. आपण शेअरभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, त्याच जातीची ही गोष्ट. एकट्याला परवडत नाही ते दहा जणांनी मिळून करायचे.

उसाला वेगळे बसणे का भाग होते, तेही समजून घेऊ. भाताच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात. आजच्या लागवडीच्या उसात ती शंभराहून अधिक असतात, कारण आपला ऊस हा गोड जाडा ऊस आणि रानटी ऊस यांच्या संकरातून आलेला आहे. हा संकर घडवण्याचे मोठे काम आपल्याच देशात, कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांच्या कामातून 'को २०५' ही जात १९१८ साली शेतकऱ्यांपर्यंत पोचली. रानटी उसाने काटकपणा दिला, पण वंशावळीचा गुंता करून ठेवला. त्यामुळे भाताचा जनुकीय आराखडा २००५ साली पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला, तरी ऊस मागेच राहिला. रियुनियन बेटावर तयार झालेल्या 'आर ५७०' या जातीचा पहिला, सोपा करून घेतलेला आराखडा २०१८ साली आला आणि सविस्तर आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला. तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण या जातीत जिथून येतो, त्या जागेवरही त्यात प्रकाश पडला.

हे सगळे त्या दोन तासांच्या कार्यशाळेने केले असे आम्ही म्हणत नाही. वर्षानुवर्षांची प्रयोगशाळेतली मेहनत त्यामागे आहे. पण वेगवेगळ्या देशांतील मंडळींनी तेच काम दोनदा करू नये, एकाने दुसऱ्याचा धागा पुढे न्यावा, यासाठी दरवर्षी एका खोलीत समोरासमोर बसण्याचा उपयोग होतो.

दुसरी रीत

आंतरराष्ट्रीय ऊस तंत्रज्ञ संघटना १९२४ साली हवाई बेटांवरील होनोलुलू येथे सुरू झाली. तिचे अधिवेशन साधारणतः तीन वर्षांनी एकदा भरते. १९९९ साली ते नवी दिल्लीत आणि २०२३ साली हैदराबादेत झाले. या संघटनेने पैदास, रोग, किडी, मशागत, कारखान्यातील प्रक्रिया असे विभाग पाडले असून त्यांच्या कार्यशाळा मुख्यतः दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात होतात. याचा फायदा असा, की घाई नसते. तीन-चार दिवस बसता येते, शेते बघता येतात. तोटा असा, की प्रवासखर्च वेगळा पडतो आणि लहान संस्थांना तो झेपत नाही. म्हणून थोडक्या वेळात उरकणारा प्रश्न असेल तर परिषदेला जोडून घ्यावे आणि रानात उतरल्याशिवाय कळणार नाही असा प्रश्न असेल तर वेगळे बसावे, हे बरे.

जोड-कार्यशाळा भरवताना

१. प्रश्न एकच आणि नेमका असावा. 'उसावरील किडी' हा प्रश्न नव्हे, तो धड्याचा मथळा झाला. 'हुमणीचे भुंगेरे सबंध शिवारात एकाच वेळी कसे गोळा करावेत?' हा प्रश्न.

२. माणसे मोजकी बोलवावीत, पण सगळ्या बाजूंची. शास्त्रज्ञ, कारखान्याचे शेतकी खाते आणि स्वतःच्या रानात तो त्रास भोगणारा शेतकरी, तिघेही हवेत.

३. वेळ मुख्य कार्यक्रमाशी भिडू नये. मोठे व्याख्यान चालू असताना कार्यशाळा ठेवली की माणूस दोन्हीकडे अर्धा राहतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठेवली तर मंडळी पिशव्या भरून गाडीची वेळ बघत बसतात. आदला दिवस उत्तम.

४. माहिती आधी वाटावी. आकडे, तक्ते पंधरा दिवस अगोदर हाती पडले तर बैठकीत वाचन करावे लागत नाही, बोलणे होते. निम्म्याहून अधिक वेळ चर्चेला ठेवावा. नाही तर कार्यशाळा म्हणजे परिषदेचेच धाकटे भावंड होऊन बसते.

५. टिपण घेणारा माणूस नेमावा आणि उठण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून वाचून दाखवाव्यात: काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. परिषदेच्या मोठ्या सभागृहात हाच सारांश दहा मिनिटांत मांडावा, म्हणजे बाहेरच्यांनाही लाभ होतो.

टेबलाभोवती कोण हवे?

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर आणि वरून काळी बुरशी बघून शेतकऱ्यांचे धाबे दणाणले. ही कीड आपल्याकडे नवखी होती, पण ईशान्य भारतात ती आधीपासून माहीत होती. तिला खाणारी डिफा अळी आणि मायक्रोमस हे मित्रकीटक आपल्या फडातही दिसू लागले. एनकार्सिया हा परोपजीवी कीटक आसामातून आणला गेला. सरसकट फवारणीने मित्रही मरतात, हे ध्यानात घेऊन त्यांना जपण्यावर भर आला.

यातून धडा असा. किडीचे मूळ गाव जाणणारा, मित्रकीटक वाढवू शकणारा आणि रोज फडात पान उलटून बघणारा, हे तिघे जितक्या लवकर एका टेबलाभोवती येतील, तितके नुकसान कमी. तिसरा माणूस म्हणजे आपण. तो नसेल तर पहिल्या दोघांना फडात काय चालले आहे ते उशिरा कळते.

आपल्या मेळाव्यातही हे जमेल

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये २०२० आणि २०२४ साली आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. अशा परिषदेला जाणाऱ्या प्रतिनिधीने आपल्या भागातला एक लेखी प्रश्न घेऊन जावे आणि उत्तर घेऊन यावे, ते या अंकात छापावे, असे आमचे मत आहे. नुसती पिशवी आणि बिल्ला घेऊन येणाऱ्याचा सभासदांना काय उपेग?

आपल्या ऊस पीक मेळाव्यालाही हीच रीत लावता येईल. सकाळी सगळ्यांसाठी व्याख्याने आणि दुपारी दोन गट. एक गट हुमणीचा. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे संध्याकाळी कडूलिंब, बाभळीवर जमतात. एकाने गोळा करून भागत नाही, शेजारच्या रानातून येतातच. म्हणून ही बैठक वळवाच्या आधी, फार तर एप्रिलपर्यंत व्हावी. जूनमध्ये बसून उपयोग नाही. दुसरा गट खोडव्याचा. पाचट न जाळता ठेवले, बुडखे जमिनीलगत छाटले आणि पहारीने खत दिले, तर कुणाच्या रानात किती टन पडले आणि कुणाचे का पडले नाही, एवढाच विषय.

या गटांत बसणाऱ्या सभासदाने एक कागद आणावा. त्यावर प्लॉट नंबर, जमिनीचा प्रकार, जात, लागणीची किंवा तोडणीची तारीख, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि एकरी टनेज लिहावे. कमी उतार पडला असेल तर तो लपवू नये. उलट तोच कागद बैठकीत सर्वांत जास्त कामाचा.

स्वाध्याय

घरी बसून पुढील तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: माझ्या उसातली एक नेमकी अडचण कोणती? ती शिवारात आणखी कुणाला आहे? तिच्याबाबत मी आजवर काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले? ही उत्तरे आपल्या गट ऑफिसात किंवा चिटबॉयकडे द्यावीत. सारख्या अडचणींचे कागद एकत्र केले की कार्यशाळेचा विषय आपोआप ठरतो, आणि पुढच्या परिषदेला जाणाऱ्याच्या हाती काय द्यायचे तेही ठरते.

आपला,
ऊस विकास अधिकारी