वस्तू का मोडतात?

कापडाच्या दुकानात तुम्ही आईबरोबर कधीतरी गेलाच असाल. दुकानदार कापड मोजतो, कडेला कात्रीने एक लहानशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी ओढून टर्रकन कापड फाडतो. तेच कापड चीर न देता फाडायला सांगितले, तर पैलवानालाही घाम फुटेल. कापड तेच, हात तेच. मग एवढ्याशा चिरेने असा कोणता फरक पडला?

आता दुसरा अनुभव पाहा. तारेचा तुकडा हवा असतो, पण ती तोडायला जवळ काही नसते. मग आपण तार एकाच जागी खालीवर वाकवत राहतो. पहिल्यांदा काही होत नाही, दहाव्यांदाही होत नाही. आणि मग एकदम ती तुटते. शेवटच्या वेळी आपण काही अधिक जोर लावलेला नसतो. मग जी तार पहिल्या खेपेला तुटली नाही, ती शेवटच्या खेपेलाच का तुटली?

या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता विज्ञानाची एक मोठी शाखा वाढली. तिचे नाव स्थायू यामिकी. स्थायू पदार्थांवर बल लावले असता ते कसे ताणले जातात, वाकतात, पिळले जातात आणि शेवटी कसे मोडतात, याचा अभ्यास ही शाखा करते. पूल, धरणे, रेल्वे, विमाने आणि अणुभट्ट्या यांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून आहे.

प्रतिबल म्हणजे काय?

समजा, २० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी पोलादाची पट्टी आपण २००० न्यूटन बलाने ओढली. पट्टीच्या छेदाचे क्षेत्रफळ २० चौरस मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला १०० न्यूटन बल आले. यालाच प्रतिबल म्हणतात. साधे बांधकामाचे पोलाद प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन इतके प्रतिबल सोसते व बल काढताच मूळ लांबीवर येते. त्यापुढे मात्र ते कायमचे ताणले जाते. तेव्हा आपली पट्टी सुरक्षित आहे, असे तुम्ही म्हणाल.

आता त्या पट्टीच्या मध्यभागी एक लहान गोल छिद्र पाडा. पट्टीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या बलाला छिद्राला वळसा घालून जावे लागते. ओढ्याच्या मध्ये दगड आला म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची ओढ वाढते, तसाच हा प्रकार. हिशेब केला तर छिद्राच्या काठावरचे प्रतिबल सरासरीच्या तिप्पट, म्हणजे ३०० न्यूटन भरते! छिद्र गोल नसून लांबट असेल, तर परिस्थिती आणखी बिघडते. १९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने लंबवर्तुळाकार छिद्राचे गणित मांडले. ओढीच्या आडव्या दिशेने छिद्राची लांबी रुंदीच्या १० पट असेल, तर त्याच्या टोकाशी प्रतिबल २१ पट होते.

कापडवाल्याच्या कात्रीची करामत आता उलगडली ना? अखंड कापडात त्याच्या हातांची ओढ पुष्कळ धाग्यांत वाटली जाते. चीर दिली की तीच ओढ चिरेच्या टोकाशी असलेल्या मोजक्या धाग्यांवर एकवटते. ते तुटले की पुढचे, मग त्यापुढचे.

ग्रिफिथचा जमाखर्च

पण येथे एक अडचण उभी राहते. चीर जितकी तीक्ष्ण, तितके तिच्या टोकाचे प्रतिबल अधिक. अगदी तीक्ष्ण चिरेला तर हे गणित अमर्याद प्रतिबल दाखवते. मग बारीक ओरखडा असलेला प्रत्येक काचेचा पेला हात लावताच फुटायला हवा. तसे तर होत नाही.

हे कोडे फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने १९२० साली सोडवले. त्याने प्रतिबलाऐवजी ऊर्जेचा विचार केला. भेग पुढे सरकायची म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार व्हायचे, आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. दुसरीकडे, ताणलेला पदार्थ भेगेच्या आजूबाजूला सैल पडतो आणि त्यात साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही झाली जमा. भेगेची लांबी दुप्पट झाली तर एकूण खर्च दुप्पट होतो, पण एकूण जमा मात्र चौपट होते. म्हणून भेग लहान असताना खर्च भारी पडतो आणि भेग जागच्या जागी राहते. एका ठरावीक लांबीनंतर जमा भारी पडते. मग भेगेला थांबवणारे कोणी उरत नाही. ती स्वतःच धावत सुटते.

ग्रिफिथने काचेचे अतिशय बारीक तंतू ओढून तोडले. जाड कांडीपेक्षा हे तंतू प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सुमारे २० पट बलवान ठरले. बारीक तंतूत मोठी भेग मावणार तरी कशी? पदार्थाचे बळ त्याच्यातल्या सर्वांत वाईट दोषावर ठरते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पुन्हा पुन्हा सोसण्याचा शिणवटा

आता तारेकडे वळू. रेल्वेचा डबा चाकांच्या आसांवर पेललेला असतो. भाराने आस किंचित वाकतो. चाकाबरोबर तो फिरतो, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो व एकदा दाबला जातो. चाकाचा परीघ सुमारे २.८७ मीटर धरा. मुंबई ते पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर जाताना आसावर असे सुमारे ६७ हजार हेलकावे बसतात! रोज एक जाऊन-येऊन फेरी धरली, तर एका महिन्यात ४० लाख.

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि भीषण अपघातात निदान पन्नासांहून अधिक माणसे दगावली. असे आस का मोडतात, याचा पद्धतशीर शोध पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर या रेल्वे अभियंत्याने घेतला. त्याने आसांचे नमुने यंत्रावर फिरवले आणि किती प्रतिबलाला किती फेऱ्यांनंतर नमुना मोडतो, हे वर्षानुवर्षे मोजले. जे प्रतिबल एकदा सहज सोसले जाते, तेच लाखो वेळा आले तर धातू मोडतो, हे त्याने सिद्ध केले. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत एक दिलासाही त्याला मिळाला. प्रतिबल एका मर्यादेखाली ठेवले, तर कोट्यवधी फेऱ्यांनंतरही नमुना सहसा मोडत नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मात्र अशी स्पष्ट मर्यादा नसते.

शिणवट्यात प्रत्यक्ष घडते काय? प्रत्येक हेलकाव्यागणिक एखाद्या दोषापाशी सूक्ष्म भेग थोडी थोडी पुढे सरकते. बाहेरून काही दिसत नाही. भेग ग्रिफिथच्या लांबीला पोचली की वस्तू क्षणात तुटते. मोडलेल्या पृष्ठभागावर बहुधा भेगेच्या वाटचालीच्या खुणा राहतात. ओहोटीला वाळूवर उमटणाऱ्या रेषांसारख्या त्या दिसतात. जाणकार त्या पाहून भेग कोठे सुरू झाली हे सांगतो.

पाण्याच्या टाकीतले विमान

२ मे १९५२ रोजी जगातील पहिली जेट प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान होते ब्रिटनचे ‘कॉमेट’. ते दहा किलोमीटरहून अधिक उंचीवर उडे. तेथील हवा विरळ, म्हणून प्रवाशांसाठी आत हवेचा दाब राखावा लागे. प्रत्येक उड्डाणात विमानाचे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग फुग्यासारखे किंचित फुगे आणि उतरल्यावर पूर्ववत होई.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटले. ३५ जण मरण पावले. उड्डाणे थांबवली गेली, अनेक दुरुस्त्या झाल्या आणि मार्चमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळच्या समुद्रात कोसळले. आणखी २१ जीव गेले. मूळ कारण कोणाला कळलेच नव्हते.

आता शोधाचे काम फार्नबरोच्या त्याच संस्थेकडे आले, जेथे ग्रिफिथने काच तोडली होती. शास्त्रज्ञांनी वापरातले एक कॉमेट मोठ्या टाकीत ठेवले, आत-बाहेर पाणी भरले आणि आतला दाब पंपाने वाढवून पुन्हा कमी करण्याचा क्रम चालू केला. पाणीच का? दाबलेल्या हवेत पुष्कळ ऊर्जा साठते. अंग फुटले तर बॉम्बसारखा स्फोट होईल व पुरावाच नष्ट होईल. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून फक्त तडा जातो. प्रत्यक्षातली १२२१ आणि टाकीतली १८३६, अशी एकूण ३०५७ उड्डाणे झाल्यावर विमानाचे अंग एका चौकटीच्या कोपऱ्याजवळ फाटले. एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांतही छतावरील झरोक्याच्या कोपऱ्याजवळ शिणवट्याची भेग सापडली.

सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. कारखान्याने चाचणी घेतलीच नव्हती, असे नाही. त्यांच्या नमुन्याने हजारो वेळा दाब सोसला होता. पण त्याच नमुन्यावर आधी सुमारे दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांवरील धातू कायमचा थोडा ताणला गेला. दाब काढल्यावर भोवतालच्या धातूने त्याला आवळून धरले, आणि पुढच्या चाचणीत तेथे भेगा वाढायला उशीर लागला. प्रवासी विमानांना ही सवलत मिळाली नव्हती. चाचणीच्या निकालाने नकळत फसवले होते. मित्रांनो, प्रयोगाचा निकाल किती चांगला आहे, याबरोबरच प्रयोग कोणत्या परिस्थितीत झाला, हेही पाहावे लागते.

करून पाहा

१. २० सेंटीमीटर लांब व ३ सेंटीमीटर रुंद कागदाची पट्टी घ्या. एकाच कडेला दोन ठिकाणी १-१ सेंटीमीटर चिरा द्या. आता दोन्ही टोके धरून ओढा आणि मधला तुकडा सुटून खाली पडतो का, ते पाहा. चिरा कितीही सारख्या द्या, बहुधा पट्टी एकाच चिरेपाशी फाटेल. जी चीर केसभर मोठी, तीच जिंकते!

२. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात त्या तारेचे १५ तुकडे घ्या. पक्कडीत धरून पाच तुकडे ३० अंशांतून, पाच ६० अंशांतून व पाच ९० अंशांतून वाकवा आणि सरळ करा. किती वेळा वाकवल्यावर तार तुटते, ते लिहा व आलेख काढा. व्योलरच्या नमुन्यांवरील प्रतिबल याहून खूप कमी होते, पण कोन जितका मोठा तितके हेलकावे कमी, हा कल तोच. एकाच कोनाचे पाच आकडेही सारखे येणार नाहीत. ते ‘चुकले’ म्हणून खोडू नका. विमानाचे आयुष्य ठरवताना हा फरकच महत्त्वाचा असतो. (वाकलेली जागा तापते, टोके बोचतात. शिक्षकांसमोर प्रयोग करा आणि तुटलेली टोके डोळ्यांपासून दूर ठेवा.)

या वाटेने जायचे असेल तर

ही शाखा आता जुनी झाली, असे समजू नका. त्रिमितीय छपाईने बनवलेल्या धातूच्या भागांत सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांचा शिणवटा कसा मोजायचा? मोबाईलच्या बॅटरीतील कण चार्ज होताना फुगतात, नंतर आकसतात आणि कालांतराने तडकतात. त्यांचे आयुष्य कसे वाढवायचे? धावपटूच्या पायाच्या हाडालाही शिणवट्याची भेग पडते, पण हाड जिवंत असल्याने स्वतःला दुरुस्त करते. धातूला असे काही शिकवता येईल का? या प्रश्नांवर आज संशोधन चालू आहे.

दहावीनंतर पदविका किंवा औद्योगिक प्रशिक्षण घेऊन वस्तू न मोडता तिच्यातील दोष शोधण्याचे तंत्र शिकता येते. माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीने रेल्वेचे रूळ तपासले जातात, ते याच तंत्राने. बारावीनंतर यंत्र, स्थापत्य, धातुशास्त्र किंवा विमान अभियांत्रिकीचा मार्ग आहे. पदार्थविज्ञान वा गणितात पदवी घेऊनही येथे येता येते. आपल्या राज्यात मुंबईची आय.आय.टी., पुण्याचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय (आताचे सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ) आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था येथे हे विषय शिकवले जातात. संशोधनासाठी तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्याची वाहन संशोधन संस्था, जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा, बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा आणि चेन्नईचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र ही ठिकाणे लक्षात ठेवा. पदार्थांच्या शिणवट्यावर जगभर वापरला जाणारा एक ग्रंथ लिहिणारे सुब्रा सुरेश यांचा जन्म मुंबईचाच.

गणिताची आवड, हाताने काम करण्याची तयारी आणि शांतपणे मोजत राहण्याची चिकाटी, एवढे भांडवल पुरे. या शास्त्रज्ञांच्या यशाची बातमी वर्तमानपत्रात येत नाही. पूल उभा राहिला, गाडी पोचली, विमान उतरले, हेच त्यांचे यश.

विचार करा

१. भेग वाढू नये म्हणून कारागीर कधीकधी तिच्या टोकाशी गोल छिद्र पाडतात. भोक पाडून वस्तू मजबूत कशी होते?

२. फळ्यावरचा खडू एकदा वाकवून मोडा, एकदा पिळून मोडा. दोन्ही तुकड्यांच्या टोकांचा आकार वेगळा का?

३. आजच्या प्रवासी विमानांच्या खिडक्यांचे कोपरे गोलाकार का असतात?