नवजात शिशूचा नेत्रस्राव : अश्रुमार्गावरोध व पूयस्राव यांतील भेद

सुश्रुताचार्यांनी नऊ संधिगत नेत्ररोग वर्णिले असून, पूयालस कनीनकसंधीत होतो. स्तन्यदुष्टिजन्य कुकूणक मात्र वर्त्मगत होय. त्याची अश्रुमार्गावरोधाशी गल्लत करू नये.

सिमेंट कारखान्यांच्या गडचांदूरमध्ये डोळा पाणावला की धुळीला दोष देणे सोपे. परंतु पहिल्या काही आठवड्यांपासून डोळा सतत पाणावत असेल, चिपडे येत असतील आणि डोळा लाल नसेल, तर अश्रुनलिकेच्या नासिकेकडील मुखावरील पडदा उघडलेला नसतो. सुमारे ९० टक्के बालकांत तो वर्षभरात आपोआप उघडतो. मातेने नख कापून, हात धुऊन, कनीनकाजवळील अश्रुकोशावर करंगळीने वरून खाली ५ ते १० वेळा हलका दाब द्यावा. असे दिवसातून २-३ वेळा करावे.

जन्मानंतर २ ते ५ दिवसांत पापण्या सुजून दाट पू वाहू लागल्यास पूयमेहजन्य संसर्गाची शंका घ्यावी. त्यात कृष्णमंडलास छिद्र पडून दृष्टी जाऊ शकते. अशा शिशूस त्याच दिवशी चंद्रपूरच्या शासकीय रुग्णालयात पाठवावे. मातापित्यांचीही चिकित्सा आवश्यक. कनीनकाजवळ लाल सूज, प्रकाश असह्य होणे किंवा कृष्णमंडल धूसर दिसणे, हीदेखील त्वरित पाठवण्याचीच लक्षणे होत.

काजळ, मध, स्तन्य वा घरगुती अर्क डोळ्यात घालू देऊ नये. औषधविक्रेत्यांनी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत.