अंगणातले तळे

प्रस्तावना

पाणी साचले की ते खराब होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. गच्चीवर राहून गेलेली बादली, टाकून दिलेला टायर किंवा कूलरची टाकी यांतील पाण्यात थोड्याच दिवसांत डासांच्या अळ्या वळवळू लागतात. तळ्यातले पाणीही साचलेलेच असते. परंतु ज्या तळ्यात वनस्पती, मासे, बेडूक आणि किडे एकत्र नांदतात, त्याचे पाणी वर्षानुवर्षे ताजे राहते. या दोन पाण्यांत फरक कोणता? प्रस्तुत पाठात हा फरक एका लहान उदाहरणावरून स्पष्ट केला आहे. ते उदाहरण म्हणजे जमीन न खोदता, विटांच्या चौकटीत प्लॅस्टिकचे कापड अंथरून तयार केलेली पाण्याची बाग.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• पाण्याच्या बागेसाठी जागा, चौकट आणि अस्तर यांचे माप ठरवणे;
• कमळ आणि कुमुद यांतील फरक सांगणे;
• पाण्यातील सजीवांचे परस्परावलंबन स्पष्ट करणे;
• साठवलेल्या पाण्याविषयीची नागरिकाची जबाबदारी सांगणे;
• उपपद तत्पुरुष समास ओळखणे.

मूळ पाठ

१. जागा आणि वजन

पाण्याची बाग करण्यासाठी मोठे आवार असावेच लागते, असे नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास जमीन खोदता येत नाही. चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्याजवळ जमीनच नसते. अशा वेळी जुने घंगाळ, दगडी डोणी, लाकडी खोका किंवा विटांची चौकट यांतही लहानसे तळे फुलवता येते.

जागा निवडताना प्रथम उन्हाचा विचार करावा. कमळाला दररोज पाच ते सहा तास थेट ऊन लागते. मोठ्या झाडाखालची जागा टाळावी. तेथे ऊन कमी मिळते, शिवाय गळलेली पाने पाण्यात कुजून पाणी बिघडते.

दुसरा विचार वजनाचा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. आतून ९० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल असलेल्या कुंडात काठोकाठ २१६ लिटर पाणी मावते. म्हणजे विटा आणि माती सोडून केवळ पाण्याचेच वजन २१६ किलो होते. दर चौरस मीटरला हा भार ४०० किलो पडतो. सामान्य घराची गच्ची एवढ्या भारासाठी बांधलेली असेलच, असे नाही. म्हणून असे कुंड अंगणात, पक्क्या व सपाट जमिनीवर करावे. गच्चीवर करावयाचे असल्यास बांधकामाच्या जाणकाराचा सल्ला घेतल्यावाचून करू नये. तेथे लहान टपातली बागच बरी.

२. चौकट आणि अस्तर

कुंडातील पाणी भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटत असते आणि हा दाब तळाकडे वाढत जातो. त्यामुळे एकावर एक नुसत्या रचलेल्या विटा सरकण्याची भीती असते. भिंत पूर्ण एका विटेच्या लांबीइतकी जाड ठेवून सिमेंटच्या मसाल्यात बांधावी आणि कोपऱ्यांवर विटा एकमेकींत गुंतवाव्यात.

विटांची भिंत पाणी पूर्णपणे अडवू शकत नाही. ते काम अस्तराचे. शेततळ्यातले पाणी जमिनीत मुरू नये म्हणून शेतकरी त्यात जाड प्लॅस्टिकचे कापड अंथरतात. तीच युक्ती येथे लहान प्रमाणावर वापरायची असते. कापड किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. कुंडाच्या लांबीत खोलीची दुप्पट मिळवावी आणि दोन्ही काठांवर दुमडण्यासाठी वीस-वीस सेंटिमीटर अधिक धरावे. ९० अधिक ८० अधिक ४०, म्हणजे २१० सेंटिमीटर लांबी झाली. त्याच रीतीने ६० अधिक ८० अधिक ४०, म्हणजे १८० सेंटिमीटर रुंदी होते.

कापड अंथरण्यापूर्वी तळातील खडे वेचून काढावेत व बारीक वाळूचा थर द्यावा. भिंतींच्या आतून जुने गोणपाट किंवा घोंगडी लावावी, म्हणजे विटांच्या कडांनी कापड फाटत नाही. कोपऱ्यांत कापडाच्या नीट घड्या घालाव्यात. कापड ताणून बसवू नये. पाणी हळूहळू सोडले की त्याच्या भाराने ते आपोआप जागेवर बसते. कुंड भरल्यानंतरच काठावरचे जास्तीचे कापड कापावे आणि उरलेला काठ विटांखाली दाबावा. उघडे राहिलेले प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते.

३. माती आणि रोपे

माती थेट कुंडात न टाकता पसरट घमेल्यांत भरावी आणि ती घमेली पाण्यात ठेवावीत. त्यामुळे रोपे हलवणे आणि कुंड स्वच्छ करणे सोपे जाते. माती शेतातली किंवा तळ्यातली, जड आणि चिकट असावी. पालापाचोळ्याचे हलके खत पाण्यावर तरंगते आणि कुजते. ते वापरू नये.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. तो उडून जाण्यासाठी पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवावे. पावसाचे साठवलेले पाणी मिळाल्यास उत्तमच.

कमळ आणि कुमुद ही फुले पुष्कळदा एकच समजली जातात. वस्तुतः त्यांची कुळे वेगळी आहेत. कमळाचे पान पूर्ण गोल असते, त्याचा देठ पानाच्या मध्यभागी जोडलेला असतो आणि वाढलेली पाने पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत गेलेली खाच असते आणि ते बहुधा पाण्यावर पसरून तरंगते. भारताचे राष्ट्रीय फूल कमळ आहे, कुमुद नव्हे.

कमळाचा कंद, म्हणजेच बाजारात मिळणारी कमळकाकडी ज्या खोडाची असते ते खोड, मातीत आडवे लावतात आणि कोंब वर मोकळा ठेवतात. आरंभी कोंबावर चार बोटेच पाणी असावे. पाने वाढतील तसतसे पाणी वाढवावे. कमळ बियांपासूनही उगवते. बियांचे कवच मात्र अत्यंत कठीण असते. ते एका टोकाला कानशीने घासून आतला पांढरा भाग दिसू लागल्यावर बी पाण्यात भिजत ठेवावे लागते. हे कवच किती समर्थ असते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. चीनमधील एका कोरड्या पडलेल्या तळ्यात मिळालेले, सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी रुजल्याचे शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले.

उत्तर भारतात हिवाळ्यात कमळाची पाने वाळतात. तेव्हा रोप मेले असे समजून ते फेकून देऊ नये. मातीत कंद जिवंत असतो आणि ऊन तापू लागले की त्याला पुन्हा पालवी फुटते.

४. हिरवे पाणी आणि धीर

कुंड भरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पाणी हिरवे होते. नवशिक्या माळ्याची परीक्षा येथेच होते. पाणी खराब झाले असे वाटून तो कुंड रिकामे करतो, नवे पाणी भरतो, आणि तेही पुन्हा हिरवे होते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. पाण्यातील क्षार आणि भरपूर ऊन यांमुळे सूक्ष्म शैवाल वाढते. नवे पाणी भरणे म्हणजे त्याला नवे अन्न पुरवणे होय. उपाय उलट आहे. कुमुदाची पाने पसरून पाण्याचा अर्धा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकू लागली की ऊन अडते. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती क्षार शोषून घेतात. शैवालाचे अन्न आणि प्रकाश दोन्ही कमी होतात आणि पाणी निवळते.

त्यानंतर सहा-आठ लहान मासे सोडावेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो माशांना घातक असतो. परंतु पाण्यातील जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि नायट्रेट हे वनस्पतींचे खत ठरते. वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, मात्र रात्री त्याही तो वापरतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर माशांची संख्या अधिक झाली असे समजावे.

५. डासांचा प्रश्न

साठवलेल्या पाण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप डासांचा आहे आणि तो रास्त आहे. हिवतापाचे परोपजीवी डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिले. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घराभोवतीच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून कुंडाची पाहणी आठवड्यातून एकदा तरी झालीच पाहिजे.

गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. चतुर हा कीटक पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्लेही अळ्यांवर जगतात. ज्या कुंडात हे भक्षक आहेत, तेथे अळ्यांना वाढण्यास वाव मिळत नाही. मात्र पाने इतकी दाट होऊ देऊ नयेत की मासे काठापर्यंत पोहोचू शकणार नाहीत. कुंड रिकामे करावयाचे झाल्यास आतील बाजू घासून काढावी. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि ती कोरड्या स्थितीतही कित्येक महिने टिकतात.

ज्याला आठवड्यातून अर्धा तास देणे शक्य नाही, त्याने पाण्याची बाग करू नये. निष्काळजीपणाने ठेवलेल्या कुंडाची किंमत शेजारच्या घरातील आजारी मुलाला मोजावी लागते.

६. कुंडाबाहेरची जबाबदारी

जलपर्णीची जांभळी फुले मोहक असतात, परंतु ती कुंडात लावू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती झपाट्याने पसरते. पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या पात्रांत तिचे हिरवे थर वारंवार साचलेले दिसतात. गप्पी मासेही मूळचे परदेशी आहेत आणि त्यांची संख्या लवकर वाढते. म्हणून कुंडातील जास्तीची रोपे किंवा मासे नदी-नाल्यात सोडू नयेत. रोपे वाळवून खतात घालावीत.

लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. घरात लहान मुले असल्यास कुंडावर भक्कम जाळी बसवणे अनिवार्य आहे.

पाण्याच्या वापराचा हिशेबही मांडला पाहिजे. उन्हाळ्यात पातळी दिवसाला ८ मिलिमीटर उतरली, तर या कुंडात रोज सुमारे सव्वाचार लिटर भर घालावी लागते. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे मोठे कुंड करणे योग्य नव्हे. इतरत्र, कुंड स्वच्छ करताना निघालेले पाणी कुंड्यांतील झाडांना घालावे. माशांमुळे त्यात खताचा अंश असतो.

एवढी काळजी घेतल्यावर अंगणातले हे तळे हळूहळू स्वतःला सांभाळू लागते. मधमाश्या काठावर पाणी पिण्यास येतात, चतुर घिरट्या घालतात, एखाद्या सकाळी कळी उमलते. साचलेल्या पाण्यात आणि जिवंत पाण्यात फरक असतो तो वाहण्याचा नव्हे, तर त्यात नांदणाऱ्या जीवांचा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. कुंडातील पाण्याचा दाब सर्वांत अधिक असतो – (अ) काठाशी (आ) मध्यभागी (इ) तळाशी
२. पानाला देठापर्यंत खाच असते – (अ) कमळाच्या (आ) कुमुदाच्या (इ) दोन्हींच्या
३. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात – (अ) मासे (आ) शैवाल (इ) जिवाणू

भाषाभ्यास

'पंक' म्हणजे चिखल. पंकात जन्मणारे ते 'पंकज', म्हणजे कमळ. या सामासिक शब्दातील दुसरे पद 'ज' हे धातूपासून बनलेले असून ते स्वतंत्रपणे वाक्यात वापरता येत नाही. अशा समासास उपपद तत्पुरुष समास म्हणतात. जलद (पाणी देणारा, म्हणजे ढग) आणि जलचर (पाण्यात राहणारा प्राणी) ही याच समासाची उदाहरणे आहेत.

शब्दार्थ

अस्तर – आतून लावलेला थर
डोणी – गुरांना पाणी पाजण्याचे दगडी पात्र
रास्त – योग्य, न्याय्य
परोपजीवी – दुसऱ्या सजीवावर जगणारा
परस्परावलंबन – एकमेकांवर अवलंबून असणे

स्वाध्याय

१. १०० सेंटिमीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल कुंडात किती लिटर पाणी मावेल? काठासाठी वीस-वीस सेंटिमीटर धरून अस्तराचे माप काढा.
२. हिरवे झालेले पाणी वारंवार बदलणे चुकीचे का आहे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. 'साठवलेले पाणी ही केवळ घराची बाब नाही' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. 'सरोज' आणि 'नीरज' या शब्दांचा विग्रह करा.
५. तुमच्या घराभोवती पाणी कोठे कोठे साचते, याची आठवडाभर पाहणी करा आणि दहा ओळींत वृत्तान्त लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (इ)  २. (आ)  ३. (इ)